आधी उष्टं मोजा, मग पोषणाचा धडा घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की वर्गात पोषणाचे तास झाले, भिंतीवर तक्ते लागले, मुलांना जीवनसत्त्वं तोंडपाठ झाली, तरी कॅन्टीनमधली भाजी आणि फळं बादलीतच जातात. मी शाळेच्या कॅन्टीनची व्यवस्था बरीच वर्षं पाहिली आहे. धडे बंद करू नका, पण आधी आठवडाभर त्या बादलीपाशी उभ्या राहा.

भाजी, फळं, बाकीचं अन्न यांच्या वेगळ्या बादल्या ठेवा आणि वजन मुलांनाच करू द्या. आपण सांगितलेला आकडा ती विसरतात, स्वतः काट्यावर वाचलेला घरी जाऊन सांगतात.

आमच्याकडे पहिली-दुसरीच्या मुलांची सफरचंदं जवळजवळ अख्खीच परत यायची. फळं आवडत नाहीत, असंच आम्ही धरून चाललो होतो. एकदा त्यातलं एक उचलून नीट पाहिलं. कडेला बाजूच्या दातांचे दोन ओरखडे, बाकी साल जशीच्या तशी. सहा-सात वर्षांच्या मुलांचे पुढचे दात पडलेले असतात, ती चावणार कशाने? फोडी करून द्यायला लागलो आणि फळांची बादली हलकी झाली. त्या मुलांना आम्ही उगाच फळांचं महत्त्व शिकवत बसलो होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

वेळेचंही तसंच. जेवणानंतर खेळाची सुट्टी असेल तर मुलांचं अर्धं लक्ष मैदानाकडे असतं. अमेरिकेत युटा राज्यातल्या काही प्राथमिक शाळांनी खेळ आधी आणि जेवण नंतर ठेवलं, तेव्हा मुलांचं फळं-भाज्या खाणं 54 टक्क्यांनी वाढलं. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्याध्यापकांशी बोलताना हा आकडा जरूर सांगा.

आता धड्याबद्दल. एका आठवड्याला एकच पदार्थ घ्या, आणि ज्या दिवशी तो शिकवाल त्याच दिवशी तो ताटात यायला हवा. पालेभाजीतलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं, हे विज्ञानाच्या तासाला सांगितलं आणि दुपारी ताटात पालेभाजीशेजारी संत्र्याची फोड दिसली, की मुलं आपणहून एकमेकांना समजावतात. लहानांना नवी भाजी चमचाभरच द्या. चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, म्हणून पहिल्या ‘नको’वर भाजी बदलू नका आणि जबरदस्तीही करू नका. ‘ताट चाटून पुसून संपव’ हा आग्रह मला पटत नाही. आपल्याला किती भूक आहे हे ओळखणं हाही पोषणाचाच भाग आहे. थोडं वाढा, पुन्हा मागायची मोकळीक द्या. वाढणाऱ्या ताईंनाही या तासाला बसवा, पळी त्यांच्या हातात असते.

उपाशी मुलांची आठवण देऊन लाजवणं मात्र कटाक्षाने टाळा. त्याने मूल खात नाही, लपवून टाकायला शिकतं. मोठ्या वर्गांना हवं तर जगाचा हिशेब दाखवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये 1.05 अब्ज टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे 28 टक्के हॉटेलं, कॅन्टीन अशा ठिकाणचं होतं. पण हे स्वतःची बादली मोजून झाल्यावरच.

धडे झाल्यावर उष्ट्याचं पुन्हा वजन कराल, ते पहिल्या वेळी होते तेच पदार्थ असलेल्या आठवड्यात करा. नाहीतर आवडीचं जेवण होतं म्हणून उष्टं कमी दिसेल आणि धड्याचा उपयोग झाला की नाही, ते कळणारच नाही.