आत्मपरीक्षण करायला बसले की आणखीच खचते

"मॅडम, पानगळीचे दिवस म्हणजे स्वतःकडे बघायचा काळ, असं सगळीकडे वाचलं. म्हणून रोज रात्री डायरी लिहायला बसते. पण लिहून उठले की आणखीच जड वाटतं. माझंच काही चुकतंय का?"

उत्तरेकडच्या थंड देशात राहणाऱ्या एका क्लायंटचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सप्टेंबर सरला की या तक्रारी वाढतात.

मी तिला डायरीतलं एक पान वाचायला सांगितलं. "आज आईचा फोन उचलला नाही. मी आहेच स्वार्थी." पानभर हेच. आधी घडलेली गोष्ट, लगेच तिच्यामागे निकाल. रोज रात्री कोर्ट भरतं आणि आरोपीला वकीलच नाही! मी म्हटलं, निकालाचं वाक्य खोडा. त्या जागी फोन वाजला तेव्हा तुमचं काय चाललं होतं, ते लिहा. बराच वेळ ती गप्प होती. मग लिहिलं, "डोकं ठणकत होतं. बोलले असते तर रडू फुटलं असतं." आणि स्वतःच म्हणाली, "एवढं तर आईला मेसेज करून सांगता आलं असतं की."

दुसरा मुद्दा उजेडाचा. दिवस लहान होऊ लागले की काहींची झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. दरवर्षी ठरावीक ऋतूत येणाऱ्या अशा नैराश्याचं वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं. हिला तेच झालंय असं मी म्हणणार नाही. पण ही घरून काम करायची, बाहेर पडायची ती अंधार पडल्यावर, आणि दिवसातला सगळ्यात थकलेला तास स्वतःला तपासायला राखून ठेवायची. ढगाळ दिवसातही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून ठरलं: सकाळी आधी चालून यायचं, मग दहा मिनिटं डायरी. रात्री वही बंद.

एक गोष्ट मात्र मी तिला स्पष्ट सांगितली. उदासी दोन आठवडे रोज टिकली, कामं होईनाशी झाली, तर डायरीवर विसंबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी.

आता ती बऱ्यापैकी सावरली आहे. मध्येमध्ये डायरी कोरी राहते, आणि त्याचीही कबुली ती ओशाळून देते. त्यावर आमचं अजून काम चालू आहे.