तीन दुखणी, मूळ एक?

प्रश्न: फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार), अर्धशिशी आणि जबड्याचं दुखणं, तिन्ही एकदम. रिपोर्ट मात्र नॉर्मल. असं का?

उत्तर: तुमचं दुखणं खरं आहे, हे आधी सांगतो. मेंदूतून मज्जारज्जूत उतरणारे चेतातंतू नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाच्या मदतीने वेदनेचे संदेश वाटेतच दाबतात. म्हणूनच एक हात बर्फगार पाण्यात बुडवला, की दुसऱ्या हाताच्या नखावरचा दाब एरवी कमी दुखतो. फायब्रोमायल्जियात अनेकांना तसा उतार पडत नाही. वेदना दाबणारा हा ब्रेक सैल झाला, की दुखणी एकात एक मिसळतात. रक्त तपासून हा बिघाड दिसत नाही.

आयब्युप्रोफेन हे नेहमीचं वेदनाशामक फायब्रोमायल्जियावर फारसं चालत नाही. उलट महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतलं, तर डोकेदुखी वाढू शकते. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा परिणाम वाढवणाऱ्या ड्युलोक्सेटिन या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. चालायला ५ मिनिटांपासून सुरुवात करा. बरं वाटलं म्हणून त्या दिवशी दुप्पट चालू नका.