झडपेचं दुसरं ऑपरेशन झाल्यावर पुढे किती वर्षं चांगली जातात?

आईंचं वय 54, बारा वर्षांपूर्वी बसवलेली टिश्यूची (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली) मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, आता निकामी झाली आहे, आणि पुन्हा छाती उघडली तर पुढे किती वर्षं, असं तुम्ही विचारलंय.

ठाम आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नका. ऑपरेशन कितवं आहे यापेक्षा हृदय कोणत्या अवस्थेत आहे, यावर पुढचं ठरतं. एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद, फुप्फुसातला दाब (पीए प्रेशर) आणि ट्रायकस्पिडची, म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेची, गळती बघा, सोबत मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन. हे बरं असताना ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये जिवाचा धोका ढोबळमानाने पाच टक्क्यांच्या आसपास असतो. दम कोंडल्यावर धावपळीत किंवा झडपेत जंतुसंसर्ग असताना केलं, तर तो कित्येक पटींनी वाढतो. ‘गोळ्यांवर भागतंय तोवर भागवू’ हा हिशेब इथेच अंगलट येतो.

दुसऱ्या वेळची खरी अडचण झडपेआधी येते. पहिल्या ऑपरेशननंतर हृदयाचा उजवा कप्पा छातीच्या हाडाला आतून चिकटलेला असू शकतो आणि हाड कापताना तोच फाटू शकतो. म्हणून आधी सीटी करून दोहोंत किती अंतर आहे ते बघतात. अगदीच चिकटलेलं असेल तर जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून पंपाची (हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या मशीनची) सोय करून मगच करवत लावतात. रक्तस्राव जास्त होतो, रक्ताची तजवीज आधी ठेवा.

आता झडप कोणती? मेकॅनिकल (कृत्रिम पदार्थांची) घेतली तर तिसरं ऑपरेशन बहुधा टळतं; पण वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी) 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा. गावात दर महिन्याला तपासणी होणार नसेल, तर झडपेत गुठळी अडकण्याची भीती खरी आहे. डॅबिगॅट्रान, अपिक्साबानसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या मेकॅनिकल झडपेला चालत नाहीत. तपासणीची खात्री नसेल तर मी टिश्यूकडे झुकेन, मात्र या वयात ती पुन्हा झिजणार हे धरून.

जांघेतल्या शिरेतून जुन्या झडपेतच नवी बसवता येते का, हेही विचारा. जास्त वयाच्या किंवा जास्त धोक्याच्या रुग्णांना ते सोयीचं पडतं. त्यासाठी जुन्या झडपेचं कार्ड शोधा. कंपनी आणि मिलीमीटरमधली साईज त्यावर असते. जुनी झडप लहान असेल तर आत जागा उरत नाही. टिश्यूच घ्यायची ठरली, तर या खेपेला बसेल तेवढी मोठी बसवा असं सर्जनना आत्ताच सांगा, म्हणजे पुढच्या वेळी शिरेतला मार्ग खुला राहील.