फॉग लॅम्प लावले, स्विच तापतोय

प्रश्न : कारला 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प लावलेत, कुर्ल्याच्या मेकॅनिकने वायर थेट डॅशबोर्डच्या स्विचवरून नेली, आता स्विच हाताला गरम लागतो. रिले लावावाच लागेल का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : लावाच, आणि तोपर्यंत ते लॅम्प पेटवू नका. अहो, 110 वॅट भागिले 12 व्होल्ट म्हणजे 9 अँपिअरच्या वर करंट त्या चिमुकल्या स्विचमधून जातोय, तो तापणारच. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच. त्यात डॅशबोर्डच्या स्विचला फक्त रिलेतली कॉइल (तारेचं वेटोळं) चालवायची असते, तिला 1 अँपिअरही लागत नाही, जड करंट बाहेरच्या बाहेर जातो.

साधा चार पिनचा 12 व्होल्ट 30 अँपिअरचा रिले घ्या. त्याच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, 87 वरून लॅम्प, 86 ला स्विचची वायर आणि 85 गाडीच्या बॉडीला अर्थ (अर्थिंग). बॅटरीच्या अगदी जवळ 15 अँपिअरचा फ्यूज हवाच, हा बरेच जण लावतच नाहीत, मग वायर कुठे घासून शॉर्ट झाली की सरळ धूर. मेन वायर आणि लॅम्पची अर्थिंगची वायर 2.5 स्क्वेअर एमएमची घ्या, अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून बोल्ट आवळा. आणि मुंबईचा पाऊस बघता रिले पिना खाली करूनच बसवा, नाहीतर सॉकेटमध्ये पाणी साचून पिना हिरव्या पडतात.