वाचकांचे प्रश्न : ग्रामपंचायतीत अजून कॉम्प्युटर घ्यायचे का?

प्रश्न : यावल तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. दोन कॉम्प्युटर धूळ खात पडलेत, तरी सगळे म्हणताय अजून चार घ्या. आराखड्यात काय लिहू?

उत्तर : भाऊ, नवीन मशीन आत्ता नकोच. आधी आठवडाभर ऑफिसात बसा, लोक काय मागायला येतात ते वहीत लिहा, बहुतेक नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा नाहीतर जन्मदाखलाच निघेल, मग त्याच नोंदी तपासून कॉम्प्युटरवर घ्या, कारण चुकीचं नाव तसंच चढलं तर बिचाऱ्या घरमालकाला पुन्हा चकरा. इन्व्हर्टर मात्र धराच, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४४-४५ वर आणि लाईट गेली की सगळं ठप्प. खर्च ग्रामसभेत मांडून विकास आराखड्यात घाला, तोच पुढं ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढतो. आणि बॅकअप कोण घेणार ते आजच ठरवा.