तिची गोधडी धुऊ नकोस

सप्रेम नमस्कार.

जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश हातात आला हे वाचून बरं वाटलं. आता तू विचारलं आहेस की न्यू जर्सीला जाणारं तिकीट कधी काढू आणि बॅगेत काय भरू. लेक सव्वातीन वर्षांची, वजन ११ किलो, मराठवाड्यातल्या शिशुगृहात वाढलेली, मराठीशिवाय दुसरी भाषा कानावर न पडलेली, एवढं धरून लिहिते.

तिकीट आत्ता काढू नकोस. काढायचंच असेल तर तारीख बदलता येईल असं काढ, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आदेशानंतर तुमची नावं असलेला जन्मदाखला, त्यावरून तिचा भारतीय पासपोर्ट, काराचं (म्हणजे दत्तकविधानाची केंद्रीय सरकारी यंत्रणा) आंतरराष्ट्रीय दत्तकाच्या हेग कराराप्रमाणे दिलं जाणारं प्रमाणपत्र, मग दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा, अशी ही साखळी आहे. यातली एक कडी अडली की पुढचं सगळं अडतं. अडते ती बहुतेक वेळा नावावर. आपल्याकडे दाखल्यावर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सरळ लिहितात. तुमच्या आय-८०० अर्जात (लेकीसाठी अमेरिकन सरकारकडे केलेल्या) मात्र मधलं नाव कदाचित वेगळं असेल किंवा नसेलच. आदेशात एक, दाखल्यात दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं स्पेलिंग आलं तर दुरुस्तीत आठवडे जातात. म्हणून आदेश, दाखला आणि पासपोर्टचा अर्ज तिन्ही शेजारी ठेवून एकेक इंग्रजी अक्षर बोट ठेवून वाच. कारकून म्हणेल, ‘चालतं हो मॅडम.’ चालत नाही. विमानाचं तिकीटही पासपोर्टवरच्या नावाप्रमाणेच हवं. आदेशाच्या प्रमाणित प्रती निदान चार घे.

वैद्यकीय तपासणीत क्षयरोगाकडे लक्ष ठेव. भारतातून जाणाऱ्या २ ते १४ वर्षांच्या मुलांची इग्रा नावाची रक्ततपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतात. एक्स-रेत संशय आला तर थुंकीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघणं, आणि त्याच्या निकालाला आठ आठवडे लागतात. हे क्वचित होतं, पण परतीची तारीख ऑफिसात सांगून बसलेल्या माणसाची त्यात फार ओढाताण होते. तुम्हा दोघांपैकी एकाची रजा लांबवता येईल अशी सोय आधीच करून ठेवा. दहा वर्षांखालच्या दत्तक मुलांना लसींसाठी अडवत नाहीत. पोचल्यावर देऊ, असं प्रतिज्ञापत्र तुम्ही लिहून द्यायचं.

मार्ग ठरवताना एक गोष्ट अमेरिकन पासपोर्टवाल्यांच्या हमखास ध्यानातून निसटते. लेक भारतीय पासपोर्टवर प्रवास करणार आहे. मधल्या देशाचे नियम तिच्या पासपोर्टला लावून बघायचे, तुमच्या नाही. युरोपातून विमान बदलणार असाल तर तिथला ट्रान्झिट व्हिसाचा नियम, अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना मिळणारी सूट, हे विमान कंपनीकडून लेखी घे. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर रात्री दोन वाजता तो वाद घालायला लागू नये. जमलं तर थेट विमान घ्या. सलग सोळा तास बसणं कठीण खरं, पण झोपलेल्या मुलाला पहाटे उठवून अनोळखी विमानतळावरून चालवत नेणं त्याहून कठीण. आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यामुळे तिला स्वतंत्र सीट लागेल. मांडीवर बसवून नेता येणार नाही.

आता बॅग. हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, असं एक फोल्डर: आदेशाची प्रमाणित प्रत, काराचं ना-हरकत पत्र आणि हेग प्रमाणपत्र, जन्मदाखला, पासपोर्ट, आणि वकिलातीनं बंद पाकीट दिलं असेल तर ते. पाकीट फोडायचं नाही, कोपरा वर करून डोकावायचंही नाही. हल्ली कागद बऱ्याचदा परस्पर संगणकावरून जातात आणि व्हिसावर तशी नोंद असते. मग पाकीट मिळत नाही, घाबरू नकोस. दोघांपैकी एकटंच कुणी तिला घेऊन येणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा.

कागदांचं एवढंच. यानंतरच्या गोष्टी कुठल्या यादीत सापडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिशुगृहातून निघण्याआधी तिथल्या मावशींजवळ तासभर बस आणि वही काढ. ती शू लागल्यावर काय म्हणते, पाण्याला काय म्हणते, झोपताना कुणाचा हात धरते, पोटावर झोपते की कुशीवर, तिला काय म्हणून हाक मारतात, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घे. तुझी मराठी घरातली, पुण्याच्या वळणाची. तिचे शब्द वेगळे असतील. ‘मम’ म्हणजे पाणी की जेवण, हे प्रत्येक शिशुगृहात वेगळं असू शकतं. विमानात मध्यरात्री ती ‘मम’ म्हणून रडेल आणि तू भाताचा घास पुढे करशील, तर दोघी रडाल. मावशींच्या आवाजात तिचं रोजचं झोपेचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून घे. मात्र ते कधी लावायचं हे तिच्याकडे बघून ठरव; काही मुलं त्यानं शांत होतात, काही जास्तच कासावीस होतात.

तिची गोधडी किंवा चादर, जी असेल ती मागून घे. मळकी असो, वास येवो, धुऊ नकोस. त्या वासाशिवाय तिच्या ओळखीचं त्या विमानात दुसरं काही नसेल. शिशुगृहाला बदली नवीन चादरी देऊन टाक.

जेवणाचंही असंच. ती खिमट खात असेल तर कोणत्या डाळीचं, किती पातळ, गरम की कोमट. नाचणीचं सत्त्व असेल तर गूळ किती. पहिले दोन आठवडे तेच द्यायचं. पौष्टिक म्हणून ॲव्होकॅडो आणि चीज सुरू करायची घाई नको. विमानात भाजलेल्या तांदूळ-मुगाची पूड डब्यात नेलीस तर हवाई परिचारिकेकडून गरम पाणी मिळतं. चार चमचे पूड, साधारण कपभर कडकडीत पाणी, झाकण लावून दहा मिनिटं. पण उतरण्याआधी ती संपव, नाहीतर तिथेच टाकून दे. साठवणीच्या धान्यातल्या खापरा किडीमुळे तांदूळ आणि डाळी-कडधान्यांच्या बाबतीत अमेरिकेचे नियम फार कडक आहेत, आणि सोळा तासांनंतर कस्टम्सशी मूठभर मुगावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

डायपरचा हिशेब दारापासून दारापर्यंत कर, विमानापुरता नाही. तीस तास धरले तर दोन तासांना एक म्हणजे पंधरा, आणि विमान रखडलं तर म्हणून आणखी सहा. ती शू सांगत असली तरी प्रवासात चड्डीसारखे डायपर घाल. विमानातल्या संडासाचा फ्लश एकदम गडगडतो, त्या आवाजाला धीट मुलंही दचकतात, आणि मग उरलेल्या प्रवासात ती आत पाऊल टाकणार नाही. तिला बाहेर काढ, दार लोट आणि मग बटण दाब. तिचे कपड्यांचे तीन जोड आणि तुम्हा दोघांचा एकेक शर्ट हातातल्या पिशवीत. तुमचा शर्ट लोक विसरतात, आणि उलटी नेमकी त्यावरच होते.

औषधांत जास्तीत जास्त चुका पॅरासिटामॉलमध्ये होतात. मुलांना एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ११ किलोला साधारण १६५. पण आपल्याकडे हे औषध तीन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे थेंब. म्हणजे पहिल्याचे जवळपास ७ मिली, दुसऱ्याचे ३.३ आणि थेंबांचे फक्त १.६. अंधारात बाटली बदलली तर काय होईल ते बघ. एकच बाटली ने, डॉक्टरांकडून मात्रा तपासून तिच्यावर पट्टी चिकटव, सोबतची सिरिंज रबरबँडनं बांध. चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट पेल्यात अर्धं-अर्धं करून द्यायचं नाही, तसं केलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. आणि प्रवासात झोपावी म्हणून सर्दीचं सिरप पाजण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. नको. काही मुलं त्यानं झोपण्याऐवजी उधळतात, आणि खरोखर आजारी पडली तर औषधाचा परिणाम कुठला आणि आजार कुठला हे कळत नाही.

विमान उतरायला लागण्याआधी, म्हणजे जमिनीपासून तीसेक मिनिटं अलीकडे, तिला जागं कर आणि स्ट्रॉच्या पेल्यातून घोट-घोट पाणी दे. झोपेत गिळणं कमी होतं, कानांना दडे बसून ते दुखतात. गोळी-चॉकलेट चघळायला देऊ नकोस, या वयात ते घशात अडकतं.

पट्ट्याचं आधीच बघ. शिशुगृहातल्या मुलाला कुणी कधी बांधून बसवलेलं नसतं. दिल्लीच्या मुक्कामात गाडीत बसताना रोज थोडा वेळ बेल्ट लावून खेळ कर. तुमच्या गाडीत कारसीट निघण्याआधीच बसवून ये, आणि ती निवडताना वय सोडून वजन-उंची बघ. ११ किलोची मुलगी मागे तोंड करून बसू शकते. थंडीत उतरणार असाल तर जाड जॅकेट पट्ट्याच्या आत घालू नकोस, पट्टा सैल राहतो. जॅकेट वरून उलटं पांघर.

अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. पुढचं विमान असेल तर मध्ये निदान चार तास ठेवा, कारण लेकीसाठी तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवतील आणि तिथे कधी अर्धा तास लागतो, कधी तीन. आयएच-३ व्हिसावर, म्हणजे तिच्या दत्तक मुलांच्या व्हिसावर, शिक्का पडला की, तुमच्यापैकी एकजण अमेरिकन नागरिक असल्यानं, २००० च्या बाल नागरिकत्व कायद्याप्रमाणे ती त्या क्षणी नागरिक होते. म्हणून काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावरची तारीख आणि वर्ग वाच. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर त्याच गोष्टीसाठी वेगळी भेट ठरवावी लागते. त्या पानाचा फोटो काढून ठेव. इमिग्रंट फीसाठी कुणी पैसे मागणारा मेल पाठवला तर भरू नकोस, दत्तक मुलांना ती माफ आहे.

बाहेर महाराष्ट्र मंडळाची माणसं फुगे, फलक घेऊन उभी राहणार असतील तर आजच फोन करून नाही म्हण. वाईट वाटू दे त्यांना. आजीनं दारात ओवाळावं, तुकडा ओवाळून टाकावा, पण लगेच कडेवर घ्यायचं नाही. पहिले काही आठवडे भरवणं, आंघोळ, उचलणं, झोपवणं फक्त तुम्ही दोघांनी करा. आजवर तिला दिसेल त्या मावशीनं उचललं आहे. सगळ्यांकडे हसत जाणारं मूल बघून पाहुण्यांना कौतुक वाटतं, पण आपलं माणूस कोण हे तिला अजून ठरवायचंय.

ती फार रडेल, किंवा अजिबात रडणार नाही. दुसऱ्या प्रकारात घरचे म्हणतात, ‘किती शहाणी आहे.’ त्यावर विसंबू नकोस. गप्प बसून भिंतीकडे बघणारं मूल बहुधा दुःखातच असतं. तिला जवळ घे, काही विचारू नकोस. उशीखाली पोळीचा तुकडा सापडला तर रागावू नकोस, काढूनही घेऊ नकोस. टेबलावर तिच्या हाताला येईल अशी केळ्यांची वाटी कायम ठेव. ती दहा-बारा मुलांच्या खोलीत, दिवा लावलेला ठेवून झोपत आली आहे. तिच्यासाठी रंगवलेली वेगळी खोली तूर्त बंद राहू दे, तिची गादी तुमच्या पलंगाशेजारी टाक. साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकानं ती रात्री एक ते चार टक्क जागी असेल. त्या वेळी मोठा दिवा आणि टीव्ही नको, सकाळी मात्र उन्हात घेऊन जा.

दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञाकडे. रक्तातलं शिसं, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, थायरॉइड आणि तीन वेगवेगळ्या दिवसांचे शौचाचे नमुने, एवढं तूच मागून घे. दंडावरची बीसीजीची खूण तिथल्या डॉक्टरांना दाखव. त्या लसीमुळे त्वचेवरची क्षयचाचणी फसवू शकते, म्हणून पुन्हा इग्राच करायला सांग, आणि पहिली निगेटिव्ह असली तरी सहा महिन्यांनी परत.

काराला पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल जातो. त्यासाठी तुमच्या दत्तक एजन्सीची बाई घरी येईल त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरात आत्ताच लिहून टाक. तिचा भारतीय पासपोर्ट यापुढे प्रवासाला वापरायचा नाही. अमेरिकन पासपोर्ट आला की तो परत करायचा आणि ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाचा, अर्ज करायचा.

विमानाचा मार्ग ठरला की तिकीट पक्कं करण्याआधी कळव. मध्ये थांबा किती तासांचा आहे ते एकदा बघू.

तुझी,
काकू