खिशातली वही

प्रश्न : भोसरीच्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीत आहे. मागून आलेले पुढे गेले. माझं काय चुकतंय?

उत्तर : अहो, काम तुम्ही चोख करत असालच. पण ते वरच्यांना दिसतं का? चाकणला असताना मी खिशात वही ठेवायचे. शिफ्ट सुटली की तीन ओळी : काय अडलं, का अडलं, कसं सुटलं. एकदा ५० मिलिमीटरच्या बोअरचं, म्हणजे आतल्या गोल भोकाचं, माप दुपारीच ०.०१ मिलिमीटरने हुकायचं. वहीतल्या वेळा जुळवल्यावर उलगडलं, मशीनवरून उतरलेला गरम जॉब, म्हणजे घडवलेला भाग, आम्ही तसाच मोजत होतो! वीसेक अंशांच्या फरकाने स्टील तेवढं फुगतंच. वही साहेबांपुढे ठेवली. पुढच्या बैठकीत त्यांनी मलाच बोलायला उभं केलं. तुम्हीही दर सोमवारी साहेबांची दहा मिनिटं मागा. बढतीचंही तेव्हाच स्पष्ट विचारा, अप्रेझलपर्यंत थांबू नका.